भोपळेवाली आवडा

आवडाला झोप न येण्याचं कारण तिच्या डोक्यावर होतं. अगदी खरोखर डोक्यावर. तिच्या घराच्या मागच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर असोलदरीचा बांध उभा होता आणि बांधाच्या पलीकडे तळं. अंथरुणाला पाठ टेकली की ती मनाशी मोजायला लागायची. आपली उशी इथं. तळ्याचं पाणी तिथं. म्हणजे आपल्या उशीपेक्षा पाणी दोन पुरुष उंच. मधे काय? माती. ती कुणी घातली? माणसांनी. आणि माणसं चुकत नाहीत का? इथवर आलं की तिचे डोळे टक्क उघडायचे, आणि ती शेजारी झोपलेल्या लेकीच्या कमरेला बांधलेली दोरी चाचपून बघायची. दोरीचं दुसरं टोक आवडाच्या मनगटाला असायचं.

ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, सांगणाऱ्यांचंच त्यावर एकमत नाही. वेळू नदी तेव्हाही उन्हाळ्यात कोरडी पडायची, एवढं मात्र सगळे कबूल करतात. म्हणून तर नदीच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मधे, जुन्या लोकांनी मातीचा बांध घातला. बांधामागं तळं झालं. तळ्याच्या पाण्यावर खालची पाच गावं जगायची. बांधाच्या अगदी पायथ्याशी असोलदरी, आणि असोलदरीतलं सगळ्यात पहिलं घर कुशा कोळ्याचं. तळ्याची मोरी उघडायची आणि मिटायची, हे काम त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. आवडा ही कुशाची बायको.

तिचं माहेर माळावरचं. तिथं पाणी म्हणजे हंड्यातलं, फार तर विहिरीतलं. एवढं पाणी एका जागी, आणि तेही आपल्यापेक्षा उंच, हे तिला लग्नापर्यंत ठाऊक नव्हतं. ती तळ्यात घोट्याच्या वर कधी उतरली नाही. लेक झाली, मैना, तेव्हा तिनं सुकलेले दुधी भोपळे गोळा केले, पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसले, आणि पाळण्याला चारी बाजूंनी बांधून टाकले. पाणी आलं तर पाळणा तरंगेल. गाव पोट धरधरून हसलं. तिचं नावच पडलं भोपळेवाली.

कुशाही हसायचा. म्हणायचा, नऊ पिढ्यांत फुटला नाही तो बांध आता काय तुझ्या मुहूर्तावर फुटणार आहे?

"फुटायचा नाही, अवो," आवडा म्हणायची, "पण कुणी फोडला तर?"

यावर तर कुशाची आई, म्हातारी भिवाई, जात्यावरचा हात थांबवून हसायची. बांध फोडून कुणाचं भलं होणार होतं? चोर दाणे नेतो, गुरं नेतो. तळं कुठं नेणार? आवडालाही ते पटायचं. दिवसा पटायचं. आपलंच डोकं जरा कमी भाजलेलं असावं असं तिला वाटायचं, आणि ती मुकाट्यानं कामाला लागायची.

मग एका फाल्गुनात फौज आली.

कुठली, ते कुणी म्हणतं उत्तरेकडची, कुणी म्हणतं घाटाखालची. तिच्या सरदाराचं नाव गावानं मुद्दाम लक्षात ठेवलेलं नाही. त्याला हवी होती मोरदड्याची गढी. खोऱ्याच्या पार खालच्या टोकाला, उंच कड्यावर, देशमुखाची गढी होती. तिच्यावर चढायचं तर माणसं फार पडली असती. म्हणून सरदार गढीकडे गेलाच नाही. तो उलटा नदीच्या वरच्या अंगाला आला, बांधावर पहारा बसवला, आणि गढीवर निरोप धाडला: आखाजीच्या दिवसापर्यंत दार उघडा. नाही उघडलंत, तर बांध फोडून पाचही गावं धुऊन काढीन. तुमची रयत तुमच्या डोळ्यांदेखत वाहून जाईल.

त्या दिवशी पाडवा होता; आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महिना उरला होता. घराघरावर गुढ्या होत्या आणि त्यांच्याखाली माणसं गप्प उभी होती.

आवडाला कुणी हसलं नाही. तिला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

लोक पळून का गेले नाहीत, असं तुम्ही विचाराल. दोन्ही खिंडींत स्वार उभे होते. चुलीवरचं भांडं घेऊन निघालेल्यांना त्यांनी मारलं नाही, लुटलंही नाही. नुसतं परत घरी धाडलं. खाली माणसं नसतील तर पाण्याला घाबरणार कोण? सरदाराला ती माणसं आपापल्या घरातच हवी होती. आवडाला हे त्या रात्री दोरी चाचपताना उमगलं. म्हणजे मैना झोपते ती जागाही त्या माणसानं मनात धरलेली होती.

आता इथं असोलदरीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

तळ्यात उतरायला दगडी पायऱ्या होत्या, एकोणीस. त्या पायऱ्यांवर वासराएवढा एक दगडी नंदी होता. गावाची रीत अशी की नंदीचं तोंड कधी कोरडं पडू द्यायचं नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की पुरुष त्याला पायरीपायरीनं वर घ्यायचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाया त्याला पायरीपायरीनं खाली न्यायच्या. वर्षाचे बारा महिने पाणी नंदीच्या ओठाला लागलेलं. गावाला त्याचा मोठा अभिमान.

सरदाराचा एक कारकून होता. बारीक अंगाचा, मोठ्या पगडीचा. तळ्यात पाणी किती हे रोज लिहून सरदाराला पाठवायचं, हे त्याचं काम; कारण सरदाराची छावणी दूर, खिंडीपाशी होती. पहिल्याच दिवशी त्यानं गावच्या राणोजी पाटलाला विचारलं की तळं भरलेलं आहे हे ओळखायचं कशावरून. पाटलाला भीतीतही बढाई सुटेना. तो म्हणाला, आमच्या नंदीचं तोंड आजवर कधी कोरडं पडलेलं नाही, सरकार. कारकुनानं बघितलं, नंदीच्या ओठाला पाणी लागलेलं होतं. त्यानं लिहून घेतलं: नंदीच्या तोंडाशी पाणी, म्हणजे तळं भरलेलं. नंदी चालतो हे त्यानं विचारलं नाही, आणि पाटलाला सांगायचं सुचलं नाही. गावात सगळ्यांनाच ते ठाऊक होतं, तेव्हा सांगायचं ते काय.

आवडा धुण्याच्या दगडावर बसून हे ऐकत होती. ती घरी आली आणि सासूसमोर बसली. म्हणाली, मला एक वेडं सुचलंय, हसू नका. भिवाई म्हणाली की हसायचे दिवस गेले, बोल.

वेड असं होतं. बांध फोडायचा म्हणतायत, त्याची भीती कशाची? पाण्याची. पाणीच नसेल तर? रोजच्या मोरीतून जास्त पाणी सोडावं तर पाट भरून वाहील आणि पहाऱ्याला दिसेल. शिवाय कुशाच्या मागंपुढं दोन शिपाई सावलीसारखे असायचे. पण तळाशी दुसरी एक मोरी होती. गाळमोरी. पिढीतून एकदा गाळ धुऊन काढायला उघडायची. तिचं तोंड आवडाच्याच घरामागं, निरगुडीच्या दाट जाळीत निघत होतं, आणि तिथून एक ओहोळ खाली नदीच्या वाळूत जाऊन मुरत होता. तिला बूच म्हणून ठोकलेला खुंटा कुठं आहे हे फक्त भिवाईला ठाऊक होतं. एकोणिसाव्या पायरीच्या पुढं एक हात. लोखंडी कडी आहे. कडीला सोल, मोटेचा जाड दोर, बांधायचा आणि ओढायचं.

पाटलाला सांगितलं तेव्हा तो पांढरा पडला. जे पाणी पावसापर्यंत पुरवायचं ते वाळूत ओतायचं? गुरं मरतील, बागा जळतील. सोडलेलं पाणी काही परत बोलावता येत नाही. तो चुकीचं बोलत नव्हता, आणि आवडाला तर दुसऱ्याचं बोलणं नेहमीच आपल्यापेक्षा खरं वाटायचं. ती उठून जायला निघाली होती. दारात मैना भोपळ्याशी खेळत होती. आवडा वळली.

"पाटीलमामा," ती म्हणाली, "आधी जगू. मग तहानेचं बघू."

पाटलानं पोरीकडे बघितलं. मग त्यानं विचारलं, तळाशी उतरणार कोण? पोहणाऱ्या प्रत्येक गड्यावर पहारा होता. बायकांकडे मात्र कोणी बघत नव्हतं. बायका धुणं धुवायला तळ्यावर जातच होत्या. आणि भिवाईच्या गुडघ्यांत काही उरलं नव्हतं.

असं म्हणतात, की त्यावर सगळ्यांनी आवडाकडे बघितलं, आणि आवडानं मागं वळून बघितलं, आपल्या मागं कोण उभं आहे ते.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बायका धुणं घेऊन गेल्या. आवडानं ओटीत दोन दगड बांधले, म्हणजे अंग वर येणार नाही. हातात सोलाचं टोक घेतलं. घोट्यापर्यंत ती रोजच जायची. मग गुडघा. मग कंबर. ती पायानं पायऱ्या मोजत होती. नंदी तेव्हा चौथ्या पायरीवर होता. तिनं त्याच्या शिंगाला हात लावला, आणि मग हनुवटी, आणि मग आवडा दिसेनाशी झाली. वर एका बाईनं लुगडं धुवायला घेतलं होतं, नऊवारी. ते धुऊन झालं, आपटून झालं, दोघींनी दोन टोकं धरून पिळून झालं, तरी आवडा वर आली नाही. असं म्हणतात, की तेवढा वेळ तळ्यानंच तिच्यासाठी श्वास धरला होता; पाण्यावर एक लाट हलली नाही. असंही म्हणतात, की एका म्हाताऱ्या कासवानं तिला कडी दाखवली. तिला विचारलं तर ती म्हणायची, मला काही आठवत नाही, मी भिऊन डोळे मिटले होते.

सोलाला हिसका बसला. बायकांनी धुण्याच्या पिळ्यासारखा तो हातात धरला आणि ओढला. खोल कुठंतरी, भांड्याचं बूच निघावं तसा आवाज झाला.

ओटीतले दगड सोडून आवडा वर आली तेव्हा तिचे ओठ निळे होते. पहाऱ्यावरचा शिपाई वरून बघत होता. भिवाईनं तिच्या पाठीत एक धपका घातला आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "भवाने, शेवाळल्या दगडावरून घसरलीस ना? सांगितलं होतं, बघून पाय टाक."

त्या दिवसापासून आवडाच्या घरामागं पाणी वाहू लागलं. रात्रंदिवस, निरगुडीच्या आतून, खळखळ. पहाऱ्यावर ऐकू जाईल म्हणून भिवाईनं जातं ओढायला घेतलं. चैत्रगौरीचे दिवस होते. हळदीकुंकवाला डाळ लागते, पीठ लागतं. पाच गावांतल्या बायका पाळीपाळीनं कुशाच्या घरी दळायला येऊ लागल्या. दाणे संपले तेव्हा त्या पीठच पुन्हा दळू लागल्या, पण जातं थांबलं नाही.

आणि रोज दुपारी बायका नंदीपुढं जमायच्या. कैरीची डाळ, पन्हं, हळदीकुंकू. आठ जणी त्याच्याभोवती कडं करायच्या, बाकीच्या पदर पसरून आडोसा धरायच्या, गाणं म्हणायच्या, आणि एक दिवसाआड गाणं संपेपर्यंत नंदी एक पायरी खाली गेलेला असायचा. बायकांच्या पूजेत कशाला जा, म्हणून शिपाई लांबच राहायचे. कारकून बांधावरून वाकून बघायचा. नंदीच्या तोंडाशी पाणी. लिहायचा.

म्हणाल, काठ मागं सरकलेला दिसला नाही का त्यांना? दिसलाच असेल. पण ती माणसं लांबच्या कोरड्या मुलखातली. तळं कसं असतं, चैत्रात किती असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि जे ठाऊक नाही ते विचारायचं नसतं, हे मात्र फौजेत सगळ्यांना ठाऊक असतं.

आवडा मात्र रोज नव्यानं मरत होती. पूर्वी तिला एकच भीती होती. आता दोन झाल्या. पाणी राहिलं तर मैना बुडेल. पाणी गेलं तर मैना तहानेनं सुकेल. ओहोळाचा आवाज ऐकला की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लाज वाटायची. हे सगळं मी चुकीचं मोजलं असेल तर? तिनं एका काडीवर उतरलेल्या पायऱ्यांच्या खुणा केल्या होत्या. ती काडी दिवसातून दहा वेळा बघायची, आणि तरी तिचा काडीवर विश्वास नव्हता.

अकराव्या पायरीवर घात झाला. ती पायरी मधेच खचलेली होती. आठ जणी लागल्या, बारा लागल्या, नंदी हलेना. गाणं संपलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा संपलं. नंदीचं तोंड पाण्यापासून वीतभर वर राहिलं. आणि वरून कारकून पायऱ्या उतरून यायला लागला.

बायकांचे हात सुटले. तेव्हा आवडा पुढं झाली. तिनं नंदीच्या कानाशी तोंड नेलं, देवळात नेतात तसं. बाकीच्या काहीतरी मागतात. आवडानं काही मागितलं नाही. तिनं त्याला आपली भीती सांगितली. सगळी, पहिल्यापासून, उशी कुठं आहे, पाणी कुठं आहे, दोरीचं टोक कुठं बांधलेलं आहे. आणि असं म्हणतात, की दगडाचा नंदी ते ऐकून थरथरला, त्यानं पुढचा पाय उचलला, आणि खचलेली पायरी ओलांडून बारावीवर जाऊन उभा राहिला. पाण्यावर वलयं उठली. त्याच्या उजव्या गुडघ्याचा टवका तेव्हा उडाला. तो अजून दिसतो.

कारकून पोचला. त्यानं नंदीकडे बघितलं, मग पायऱ्यांकडे. कालच्यापेक्षा एक जास्त कोरडी होती. कमळाची पानं चिखलात पडलेली होती. बायकांत सगळ्यात भ्यालेला चेहरा कुणाचा ते त्यानं हेरलं आणि आवडालाच समोर बोलावलं. पायऱ्या जास्त कशा दिसतायत, त्यानं विचारलं.

आवडाला खोटं बोलता येत नव्हतं. पुष्कळदा प्रयत्न करून बघितला होता. जीभच वळायची नाही. ती म्हणाली, "नंदी खाली उतरतो, सरकार."

"काय करतो?"

"उतरतो. एक दिवसाआड एक पायरी. पाणी जाईल तसा."

कारकून तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. पगडी हलेस्तोवर हसला. वर जाऊन शिपायांना सांगितलं, ते हसले. आणि त्यानं लिहिलं: नंदीच्या तोंडाशी पाणी, तळं भरलेलं, गावातल्या बायका भीतीनं भ्रमिष्ट झालेल्या आहेत.

आखाजीचा दिवस उजाडला. गढीवरून उत्तर आलं: दार उघडणार नाही. ते उत्तर ज्यांनी दिलं त्यांच्या पायाला पाणी लागणार नव्हतं, ही गोष्ट पाच गावं अजून विसरलेली नाहीत.

सरदारानं हुकूम धाडला, फोडा. कुदळवाले बांधावर चढले. त्यांनी पलीकडे बघितलं, आणि ते एकमेकांकडे बघायला लागले. नंदी अठराव्या पायरीवर होता. त्याच्या तोंडाशी पाणी होतं, खरं; त्याच्यापुढं एक मोठं डबकं होतं, आणि बाकी सगळा भेगाळलेला गाळ. असं म्हणतात, की कारकुनाला हे चार दिवस आधीच कळलं होतं. पण महिनाभर रोज ज्यानं तळं भरलेलं लिहिलं, तो आता काय लिहिणार? त्याची मान पगडीपेक्षा बारीक होती. तो कुदळवाल्यांवर ओरडला, हुकूम आहे, खणा.

आवडा मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभी होती. बाकी गाव छपरांवर चढलं होतं. कुशा तिला हाका मारत होता, पण ती चढेना. तिच्यात चढायचं बळच उरलं नव्हतं. तिनं मैनाला भोपळे बांधले, दोन पाठीला, दोन काखेत. कमरेची दोरी मनगटाला. काडी तिच्या मुठीत होती. वर कुदळी पडत होत्या आणि प्रत्येक घावाला घराची भिंत हलत होती. काडी खरी असेल का? मी ओल्या डोळ्यांनी खूण केली असेल तर? एक पायरी कमी मोजली असेल तर? मैनानं विचारलं, आई, पाणी कुठून येणार? आवडानं बोट केलं. तिचं बोट इतकं कापत होतं की मैनाला कळेना नेमकं कुठून.

दुपार कलली आणि बांध फुटला.

आधी आवाज आला, डोंगर कूस बदलतो तसा. मग धूळ. धुळीत काही दिसेना. आवडानं मैनाला छातीशी घेतलं, डोळे मिटले, तळाशी उतरली होती तेव्हा मिटले होते तसेच, आणि मोजायला सुरुवात केली. एक पायरी. दोन. तीन. ती एकोणीसपर्यंत पोचली. काही झालं नाही. तिनं डोळे उघडले.

मागच्या अंगणातून पाणी येत होतं. गढूळ, चिखलाचं, वर काटक्या आणि दोन कमळाची पानं घेऊन. ते तुळशीपाशी थबकलं, वळलं, उंबऱ्याशी आलं, आणि मैनाच्या पायाच्या बोटांना लागलं. घोट्यापर्यंतही चढलं नाही.

मैना भोपळ्यांच्या मधून वाकून बघत होती. "एवढंच?" ती म्हणाली.

छपरांवर कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी हसलं, आणि मग कोण हसतंय, कोण रडतंय, काही कळेना.

फौज तिसऱ्या दिवशी गेली. वैशाखाचं ऊन, हजार घोडी, आणि प्यायला थेंब नाही, राहणार कशी? कारकून कुठं गेला कुणाला माहीत नाही. त्याची पगडी नंदीच्या शिंगाला अडकलेली सापडली, एवढंच सांगतात. आवडा त्या संध्याकाळी जी झोपली ती चार दिवस उठली नाही. तिच्या घरावरून जाताना लोक वहाणा हातात घेत.

उरलेला उन्हाळा कसा गेला ते गोष्टीत फारसं येत नाही. वाळूत झिरे खणले, वाटी वाटी पाणी भरलं. गुरं गेली. भिवाई गेली, ती आपल्या वाटची वाटी मैनाच्या वाटीत ओतत होती, हे मागून कळलं. पाऊस पडायच्या आत पाचही गावांनी टोपल्यांनी माती वाहून बांध पुन्हा घातला. तळं भरलं. पाणी पुन्हा आवडाच्या उशीपेक्षा दोन पुरुष उंच झालं. आणि आवडाची झोप पुन्हा गेली, ती गेलीच.

पण आता तिला हसणारं कुणी नव्हतं. ती म्हातारी होऊन गेली, तरी असं म्हणतात, की बांधाला कुठं पाझर फुटायचा असला तर आदल्या दिवशी तिथल्या कोरड्या मातीवर बाईमाणसाची ओली पावलं उमटलेली दिसतात. लोक कुदळ घेऊन जातात, तिथंच खणतात, आणि तिथंच भेग निघते.

असोलदरीत अजूनही बाळाच्या पाळण्याला सुकलेला भोपळा बांधतात. चैत्रात नंदीला खाली न्यायचा मान अजूनही बायकांचा. अकराव्या पायरीशी आलं की एकेकीनं पुढं व्हायचं आणि त्याच्या कानात आपली भीती सांगायची, पाटलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पाटलानं तिथं उभं राहायचं आणि हसायचं नाही. आखाजीला गाळमोरी घटकाभर उघडतात. गावातलं एक लहान मूल आवडाच्या उंबऱ्यावर उभं करतात. पाणी त्याच्या बोटांना लागलं की त्यानं म्हणायचं, एवढंच? मग सगळे मोकळा श्वास घेतात आणि घरी जाऊन जेवतात. पण जेवायच्या आधी, घोट घ्यायच्याही आधी, प्रत्येक घरातून पहिला तांब्या पाण्याचा येतो आणि नंदीच्या तोंडाशी ओतला जातो, तळ्यात पुष्कळ पाणी असलं तरी. हे कशाला, असं विचारलं तर पुरुष म्हणतात, रीत आहे.

बायकांना कारण ठाऊक असतं. मैना त्या दिवशी 'एवढंच' म्हणून गप्प बसली नव्हती. गाव हसत रडत असताना ती फुटलेल्या बांधाच्या खिंडारातून वर बघत होती. पलीकडे उघडा गाळ होता, आणि गाळाच्या काठाला, शेवटच्या आधीच्या पायरीवर, मान वाकवून नंदी उभा होता. आवडा तिच्या पाठीवरचे भोपळे सोडत होती. तिच्या हातातली दोरी ओढून मैनानं विचारलं,

"आई, आता नंदी काय पिणार?"